साहित्य वाचायचं कशासाठी आणि कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे ‘साहित्य’ म्हणजे कथा, कादंबरी, कविता, नाटक, आत्मकथन, व्यक्तिचित्रं. स्पर्धा परीक्षेची आणि ‘यशस्वी व्हा’ छापाची पुस्तकं यात धरलेली नाहीत. प्रश्न लोक ज्या शब्दांत विचारतात, शक्यतो त्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. दिवसभर स्क्रीनवर वाचतच असतो. वर आणखी कथा-कादंबरी वाचून काय मिळणार?

पगारवाढ किंवा बढती म्हणत असाल, तर काही नाही. मिळतं ते वेगळंच.

एक बातमी घ्या: ‘कर्जापायी शेतकऱ्याने बैलजोडी विकली.’ कळलं, वाईट वाटलं, अंगठा पुढे सरकला. हीच गोष्ट कथेत अशी येऊ शकते: ‘बैल बाजारात गेले त्या संध्याकाळी आबांनी नेहमीसारखी पेंड भिजत घातली. मग घमेल्याकडे बघत उभे राहिले.’ (दोन्ही वाक्यं उदाहरणापुरती रचलेली आहेत.) दुसऱ्या मजकुरात कर्ज नाही, ‘शेतकरी’ हा शब्द नाही, दुःखाचा तर उल्लेखही नाही. आहे ती हाताची जुनी सवय, आणि ती आता बिनकामाची झाली हे उशिरा ध्यानात येणं. मधली रिकामी जागा वाचणाऱ्याने भरायची असते. बातमीतून शेतकऱ्यांविषयी कळतं; कथेत एका आबांच्या गोठ्यात थोडा वेळ उभं राहावं लागतं. मेल, मेसेज आणि बातम्या झटपट कळाव्यात म्हणूनच लिहिलेल्या असतात, त्यामुळे हे काम त्या तुमच्याकडून करून घेत नाहीत.

दुसरा भाग भाषेचा. रोजच्या वापरात आपली मराठी आक्रसत जाते. राग आला की ‘वैताग’, आनंद झाला की ‘भारी’. रुसणं, फुरंगटणं, धुसफुसणं, चरफडणं आणि आतल्या आत कुढणं या पाच वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याच्याकडे हे पाचही शब्द जिवंत आहेत, त्याला समोरच्याचं आणि स्वतःचंही काय बिनसलंय ते जरा नेमकं ओळखता येतं.

२. वाचनाने ताण कमी होतो, आयुष्य वाढतं, सहानुभूती वाढते असं संशोधन आहे म्हणे. खरं किती?

थोडं खरं, बरंच फुगवलेलं. ‘सहा मिनिटं वाचलं की ताण ६८ टक्क्यांनी उतरतो’ हा सगळ्यात जास्त फिरणारा आकडा २००९च्या एका छोट्या ब्रिटिश प्रयोगातला आहे. तो भिंतीवर लावण्याइतका भक्कम नाही.

सहानुभूतीचं म्हणाल, तर २०१३ साली ‘सायन्स’ नियतकालिकात एक निबंध आला. दर्जेदार कथांचा उतारा वाचल्यावर लगेच लोकांना दुसऱ्याच्या मनातलं जास्त चांगलं ओळखता येतं, असं त्यात म्हटलं होतं. पुढे इतर संशोधकांनी तोच प्रयोग मोठ्या गटांवर केला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. अनेक वर्षं कथा वाचणारे लोक अशा चाचण्यांत थोडे पुढे असतात, हे मात्र वारंवार आढळलं आहे. पण वाचनामुळे ते तसे होतात की मुळात तशीच माणसं वाचनाकडे वळतात, हे त्यातून सुटत नाही.

आयुष्याचा दावा येल विद्यापीठाच्या २०१६च्या अभ्यासातला. पन्नाशीपुढच्या ३,६३५ अमेरिकनांची माहिती १२ वर्षं पाहिली, तेव्हा पुस्तकं वाचणारे सरासरी सुमारे २३ महिने जास्त जगलेले दिसले. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यातून कारण सिद्ध होत नाही, आणि त्यात कादंबरी वेगळी मोजलेली नाही. आयुष्य वाढवायचं असेल तर सकाळी चालायला जा. कादंबरी प्र. १मधल्या कारणासाठी वाचा.

३. यूट्यूबवर कादंबरीचा सारांश दहा मिनिटांत मिळतो, एआय तर एका मिनिटात देतं. मग ३०० पानं कशाला?

सारांशात कथानक उरतं, आणि चांगल्या कादंबरीत कथानक बऱ्याचदा सगळ्यात किरकोळ भाग असतो. ‘एका म्हाताऱ्याने बैल विकले’ हा वरच्या उदाहरणाचा अचूक सारांश आहे. पेंड आणि घमेलं त्यातून गळालं, म्हणजे होतं नव्हतं ते सगळंच गेलं.

सारांश उपयोगी पडतो अशा जागाही आहेत: महिनाभर बाजूला पडलेलं पुस्तक पुन्हा हातात घेताना, पात्रांचा गोतावळा मोठा असताना, किंवा दोनांपैकी कुठलं घ्यायचं हे ठरवताना. एआयच्या सारांशाबाबत सावध राहा. मराठी पुस्तकांविषयी विचारलं की ते पात्रांची नावं आणि शेवट बिनदिक्कत रचून सांगू शकतं. पुस्तक जितकं कमी प्रसिद्ध, तितकी थाप मोठी.

४. शाळेनंतर काहीच वाचलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

नेहमीची चूक म्हणजे उत्साहाच्या भरात ७०० पानांची ऐतिहासिक कादंबरी आणायची आणि चाळिसाव्या पानावर अडकायचं. त्याऐवजी १५० पानांच्या आतबाहेरचा कथासंग्रह किंवा व्यक्तिचित्रांचं पुस्तक घ्या. एक कथा ८ ते १५ पानांची असते, ती एका बैठकीत संपते, आणि संपवल्याचं समाधानच पुढच्या दिवशी पुस्तक उघडायला लावतं. कादंबरीच हवी असेल तर व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) घ्या: लहान आकार, छोटी वाक्यं, धनगरांच्या वाडीवर आलेला एक तरुण मास्तर.

दिवाळी अंक हा आपल्याकडचा खास सोयीचा दरवाजा. का. र. मित्रांच्या ‘मासिक मनोरंजन’ने १९०९मध्ये ही प्रथा सुरू केली. एका अंकात दहा-बारा लेखक चाखायला मिळतात. जो भावला त्याचं पुस्तक शोधा, बाकीच्यांचा विचार सोडून द्या.

दुकानात पुस्तक निवडताना पहिलं पान वाचू नका, ते सगळेच घासूनपुसून लिहितात. मधलंच, साठाव्या पानाच्या आसपासचं एखादं पान उभ्याउभ्या वाचा. पान उलटावंसं वाटलं तर घ्या.

५. वेळच मिळत नाही, आणि मिळाला तरी पाच मिनिटांत हात मोबाइलकडे जातो. काय करावं?

आधी स्वतःचा वेग मोजा: घड्याळ लावून दहा मिनिटं वाचा आणि पानं मोजा. दोन मिनिटांना एक पान असा वेग धरला, तर रोजच्या २० मिनिटांत १० पानं होतात. १८० पानांची कादंबरी १८ दिवसांत संपते, वर्षाला अशी वीस पुस्तकं होतात. ‘रविवारी निवांत तीन तास वाचू’ हा बेत मात्र बहुधा पाहुणे, लग्न किंवा दुपारची झोप गिळून टाकते.

ही वीस मिनिटं आधीपासून असलेल्या सवयीला बांधा: सकाळचा चहा, लोकलमधली ठरलेली स्टेशनं, डबा खाल्ल्यानंतरची उरलेली सुट्टी. मोबाइल सायलेंटवर ठेवून भागत नाही, तो दुसऱ्या खोलीत ठेवा. पहिली तीन-चार मिनिटं मन भरकटतं, ते सगळ्यांचंच. काल जिथे थांबलात त्याच्या दोन परिच्छेद मागून सुरू करा, म्हणजे ती मिनिटं वाया जात नाहीत. झोपताना वाचून एकच परिच्छेद चार वेळा वाचला जात असेल, तर त्या वेळेला आधी वाचलेलं आवडतं पुस्तक घ्या आणि नवं दिवसा वाचा.

६. पुस्तक अर्ध्यात सोडलं तर चालतं का?

खुशाल सोडा. ५० पानं किंवा पुस्तकाचा चौथा हिस्सा, यांतलं जे कमी असेल तिथवर संधी द्यावी. सोडताना शेवटच्या वाचलेल्या पानावर, पुस्तक वाचनालयाचं असेल तर वहीत, का सोडलं ते एका ओळीत लिहा. अशा चार-पाच ओळी जमल्या की स्वतःची आवडनिवड समोर दिसू लागते.

दोन अपवाद आहेत. बोलीतलं पुस्तक असेल तर आधी प्र. ७मधले उपाय करून बघा, कारण तिथे सुरुवातीची वीस-तीस पानं जड जातातच. अनुवाद असेल तर दोष मूळ पुस्तकाचा आहे की अनुवादकाचा, ते तपासा. वाक्यं वाचताना इंग्रजीचा सांगाडा जाणवत असेल, तर दुसरा अनुवाद शोधा.

७. ग्रामीण आणि दलित साहित्यातली बोली कळत नाही. शब्दाशब्दाला अडतो.

‘व्हतं’, ‘कवा’, ‘म्या’, ‘न्हाई’ हे शब्द डोळ्याला अडतात, कानाला अडत नाहीत. म्हणून पहिली दहा पानं मोठ्याने वाचा. वाचनखूण म्हणून घातलेल्या चिठ्ठीवर फक्त तीन गोष्टी टिपा: सर्वनामं, ‘आहे-नाही’ची रूपं आणि प्रश्नार्थक शब्द. वऱ्हाडीतलं ‘मले-तुले’, मालवणीतलं ‘माका-तुका’ एकदा बसलं की निम्मी वाट मोकळी होते. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची आहे का, हेही आधीच बघा. बरेच जण पुस्तक संपल्यावर ती शोधतात!

कोश उघडायचा तो एखादा शब्द तिसऱ्यांदा आला तर. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, सुधारित आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हे दोन्ही इंटरनेटवर फुकट शोधता येतात. तिथे शब्द सापडत नाही, याचं नेहमीचं कारण म्हणजे आपण वाक्यातलं रूप तसंच टाकतो. मूळ रूप टाका, आणि क्रियापद जुन्या पद्धतीने लिहा: ‘करणं’ नव्हे, ‘करणें’.

आणखी एक. बोलीतलं लिखाण हे ‘अशुद्ध मराठी’ नव्हे. पात्र ‘मी’ म्हणतं की ‘म्या’, यातच त्याचं गाव आणि घर आलेलं असतं.

८. जुन्या पुस्तकांत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरीं’ अशी टिंबंच टिंबं असतात. ती वाचायची कशी?

बहुतेक वेळा न वाचताच पुढे जायचं. उच्चार न होणारे हे अनुस्वार शब्दाची व्युत्पत्ती किंवा व्याकरण दाखवायचे. १९६२च्या लेखननियमांनी ते काढून टाकले, त्यामुळे त्याआधीच्या छपाईत दिसतात आणि ती छपाईची चूक नसते. कधीकधी ते मदतही करतात: ‘ती आली’ म्हणजे एक बाई किंवा मुलगी, ‘तीं आलीं’ म्हणजे मुलं, माणसं असं नपुंसकलिंगी अनेकवचन. आजच्या ‘केलं’, ‘झालं’मधला अनुस्वार निराळा, तो ‘केले’, ‘झाले’ यांचा बोलण्यातला उच्चार दाखवतो.

९. कविता अजिबात कळत नाही. सोडून द्यावी का?

‘कवीला काय म्हणायचंय’ हा परीक्षेतला प्रश्न आधी सोडून द्या. एक कविता तीन वेळा वाचा. पहिल्यांदा मोठ्याने, अर्थाकडे न बघता. दुसऱ्यांदा वाक्य कुठे संपतं ते बघत, कारण ओळ संपते तिथे वाक्य संपेलच असं नाही, आणि गोंधळ बहुतेक तिथेच होतो. तिसऱ्यांदा, कुठला शब्द बदलला तर कविता पडेल ते शोधत.

कान तयार करायला अभंगासारखी शाळा नाही. ‘सुंदर ते ध्यान’च्या पहिल्या दोन ओळींची अक्षरं बोटांवर मोजा: पहिल्या तीन चरणांत सहा-सहा, चौथ्यात चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्याचं. शेवटचा चरण दोन अक्षरांनी आखूड पडतो, म्हणून तिथे आपोआप थांबायला होतं. टाळ त्या थांब्यावर पडतो तेव्हा हे गणित न मोजताही कळतं. मुक्तछंदातही कवी असे थांबे ठेवतो, फक्त ते मोजून सापडत नाहीत.

१०. ऑडिओबुक ऐकणं हे वाचन धरायचं का?

धरा. कीर्तन, पोथी, ओवी हे आपल्याकडे शतकानुशतकं ऐकूनच पोचलं आहे. फरक इतकाच की वेग दुसऱ्याच्या हाती जातो, आणि वाचणारा प्रत्येक वाक्याचा सूर तुमच्या वतीने ठरवून टाकतो. व्यक्तिचित्रं, विनोदी लेखन, नाटक आणि बोलीतलं साहित्य ऐकायला उत्तम. त्या बोलीचा माणूस वाचत असेल तर प्र. ७मधली अडचणच संपते. काळ मागेपुढे करणारी कादंबरी आणि गच्च विणीची कविता मात्र छापील बरी. ऐकताना वेग दीडपट करू नका, त्यात आधी मरतात ते विराम. विकत घेताना ‘संक्षिप्त’ असं लिहिलेलं नाही ना, हे बघून घ्या.

११. मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. मराठी बोलते, पण पुस्तक हातात धरत नाही. काय करू?

आधी ती नेमकी कुठे अडते ते पाहा. शाळेत हिंदी असेल तर लिपी येतेच. अडतं ते ‘ळ’वर, रफार-रकारावर (‘सूर्य’, ‘चक्र’, ‘दुसऱ्या’) आणि च-ज यांच्या दोन उच्चारांवर. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च, ‘जीव’मधला ज आणि ‘जाड’मधला ज हे छापताना सारखेच दिसतात, म्हणून ती चुकते आणि आपण हसतो. तिथेच पुस्तक मिटतं.

रोज १५ मिनिटं पुरे. तुम्ही एक पान वाचा, तिला एक परिच्छेद द्या. चूक तिथल्या तिथे सुधारू नका. तो शब्द तुमच्या पुढच्या वाक्यात बरोबर म्हणा. पुस्तक तिच्या इंग्रजी पातळीपेक्षा दोन इयत्ता खालचं निवडा, पण गोष्ट बाळबोध नको. दहा वर्षांच्या मुलीला ससा-कासव दिलं तर तिला अपमान वाटतो, आणि रास्तच वाटतो. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतं, त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत. आणि गोष्ट संपल्यावर ‘यातून काय बोध घेतलास?’ असं विचारू नका.

१२. पुस्तकं महाग झाली आहेत. वाचनालयं अजून चालतात का?

चालतात. महाराष्ट्रात १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. ‘ड’ म्हणजे लहान, वाईट नव्हे. पुणे नगर वाचन मंदिर (१८४८), ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) या जुन्या संस्था आहेत. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची सुरुवात तर १८३२ची.

नाव नोंदवताना अनामत आणि वर्गणी वेगवेगळी विचारा. अनामत परत मिळते, पण पावती लागते, तिचा फोटो काढून ठेवा. एका वेळी किती पुस्तकं, किती दिवस, मुदत फोनवर वाढवून मिळते का, हेही विचारा. कपाटं बंद असतील तर नुसतं पुस्तकाचं नाव सांगून भागत नाही. यादीतला दाखल क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्या. दिवाळीनंतर बरीच वाचनालयं अंकांची वेगळी योजना काढतात, एक-दोन अंकांच्या किमतीत हंगामभर अंक वाचून होतात. पाचगणीजवळच्या भिलारला, २०१७पासूनच्या ‘पुस्तकांच्या गावा’त, घराघरांत मांडलेली पुस्तकं फुकट बसून वाचता येतात.

१३. व्हॉट्सअ‍ॅपवर पुस्तकांच्या पीडीएफ येतात. वाचल्या तर काय बिघडतं?

ते लेखक कधी वारला यावर ठरतं. भारतात लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो, आणि ती मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, म्हणून त्यांची पुस्तकं २०११पासून सर्वांसाठी खुली झाली. पु. ल. देशपांडे २००० साली गेले, म्हणजे २०६०च्या अखेरपर्यंत हक्क आहे.

फसायला होतं ते इथे: जुन्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टिपा यांचा हक्क त्या लिहिणाऱ्याचा असतो. अनुवादाचा हक्क अनुवादकाचा, मूळ लेखक कितीही जुना असो. लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलं गेलेलं लेखन असेल, तर ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. कायदेशीर आणि फुकट हवं असेल तर मराठी विकिस्रोत बघा, तसंच महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची ई-पुस्तकं. परदेशात राहणाऱ्यांना टपालखर्च टाळायला हाच सरळ रस्ता.

१४. वाचलेलं लक्षात राहत नाही. उपयोग काय मग?

कथानक विसरायचंच असतं. पुस्तक संपल्याच्या दिवशी तीन ओळी लिहा: तारीख, न विसरलेला एक प्रसंग, न पटलेली एक गोष्ट. स्वतःच्या पुस्तकात खुणा पेन्सिलीने करा, बॉलपेनची शाई पातळ कागदात पलीकडे उमटते. वाचनालयाच्या पुस्तकात मात्र काहीच नको, पुढच्या वाचकाला तुमच्या अधोरेखनाचा जाच होतो.

१५. ऐतिहासिक कादंबरीत वाचलेलं खरं धरायचं का?

नाही. शिवरायांच्या किंवा पेशव्यांच्या कादंबऱ्यांतले संवाद, मनातले विचार, एकांतातले प्रसंग लेखकाने रचलेले असतात. तो त्याचा हक्कच आहे. घोळ आपण करतो: तेच संवाद चौकातल्या फलकावर ‘महाराज म्हणाले होते’ म्हणून झळकतात.

तपासायची पद्धत सोपी आहे. एखादं वाक्य कुणी ऐकलं असेल, आणि ते कधी लिहून ठेवलं गेलं, हे विचारा. सभासदाची बखर शिवरायांच्या निधनानंतर सुमारे सतरा वर्षांनी, १६९७च्या सुमारास लिहिली गेली, आणि ती जवळच्या काळातली मानली जाते. मग एकांतातला संवाद कादंबरीकाराला कुठून मिळाला असेल? वादात पुरावा म्हणून कादंबरी काढू नका. पत्रं, शकावल्या (घटनांच्या तारीखवार नोंदी), समकालीन नोंदी यांच्यावर लिहिलेलं इतिहासाचं पुस्तक काढा.

१६. जुन्या पुस्तकांत बायकांबद्दल, जातींबद्दल खटकणारं लिहिलेलं असतं. ते वाचावं का?

वाचावं, पण हे म्हणतंय कोण ते वेगळं करून. पात्र म्हणतं, निवेदक म्हणतो की लेखक? पात्राचा उद्दामपणा दाखवणारी कादंबरी आणि स्वतःच उद्दाम असलेली कादंबरी यांत फरक आहे. पुस्तकात त्या पात्राला कुणी उत्तर देतं का, त्याची काही किंमत मोजली जाते का, हे बघितलं की तो बहुतेकदा कळतो. शिवाय त्या जगाची दुसरी बाजू शेजारी ठेवा. सुखवस्तू घरांतल्या कादंबऱ्यांनंतर दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) हे दलित आत्मकथन वाचलं, की आधीच्या पुस्तकांत कोण कधीच बोललेलं नव्हतं ते लख्ख दिसतं. लहान मुलांना असं पुस्तक एकट्याने वाचायला देऊ नका, शेजारी बसा.

१७. मन खचलेलं असताना दुःखी पुस्तक वाचावं की टाळावं?

दोन्ही तऱ्हेचे वाचक असतात. स्वतःसारखं दुःख छापलेलं पाहून कुणाला हायसं वाटतं, कुणी आणखी खोल जातो. वीस पानं वाचून पुस्तक मिटल्यावर श्वास मोकळा वाटतो की छातीवर दगड, एवढं बघा आणि त्याप्रमाणे ठरवा. अगदी ताजं दुःख असेल तर ओळखीचं, शेवट माहीत असलेलं पुस्तक किंवा चार ओळींची कविता झेपते. नवी कादंबरी नाही. पण झोप-भूक उडून आठवडे गेले असतील, किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर पुस्तक बाजूला ठेवून १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, आणि मराठीत बोलता येतं.